क्लासिक कारचे फोटो टाकताय? चोराला हव्या असलेल्या तीन गोष्टी तुम्हीच तर सांगत नाही ना?

समजा, पुण्यात कोथरूडमधल्या एका सोसायटीत १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली आणि मुलाने दोन वर्षं खपून पुन्हा नव्यासारखी केलेली. रविवारी सकाळी तो गाडी पुसतो, चार फोटो काढतो आणि इन्स्टाग्रामवर टाकतो. मागे सोसायटीचं गेट दिसतंय, गेटवर सोसायटीचं नाव आहे. नंबर प्लेट स्पष्ट आहे. खाली ओळ लिहिलीय, 'लेकीची परीक्षा संपली, उद्यापासून आठ दिवस कोकण! आल्यावर हिला लाँग ड्राइव्हला नेणार.' संध्याकाळपर्यंत दोनशे लाइक्स येतात.

या पोस्टमध्ये गुपित असं काहीच नाही. पत्ता दिलेला नाही, फोन नंबर नाही. पण चोराला ज्या तीन गोष्टी हव्या असतात, त्या तिन्ही इथे आहेत: गाडी कोणती, ती रात्री कुठे उभी असते आणि मालक घरी कधी नसतो.

जुन्या गाड्यांचा शौक असलेल्या माणसाला 'फोटोच टाकू नकोस' असं सांगण्यात अर्थ नाही. ती गाडी असतेच मुळी लोकांनी बघावी म्हणून. त्यामुळे प्रश्न गाडी दाखवण्याचा नाही. तिच्यासोबत नकळत आणखी काय काय दाखवलं जातं, हा खरा प्रश्न आहे.

जुनी गाडी चोरणं सोपं का असतं?

आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये इमोबिलायझर असतो. किल्लीतली चिप आणि गाडीतला कंट्रोल युनिट यांची ओळख पटली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. पद्मिनी, अँबेसेडर किंवा जुनी जीप यांच्यात असलं काही नाही. इग्निशनमागच्या वायरी जोडल्या की काम होतं. किल्ल्याही झिजलेल्या, कुलपंही झिजलेली. दुसऱ्याच गाडीची किल्ली आपल्या दाराला लागल्याचे किस्से जुन्या गाडीवाल्यांच्या प्रत्येक कट्ट्यावर ऐकायला मिळतात.

शिवाय गाडी सुरू करण्याचीही गरज नसते. नवी कोरी गाडी टोइंगच्या ट्रकवर चढताना दिसली तर शेजारी चौकशी करतील. जुनी गाडी चढताना दिसली तर 'निघाली वाटतं गॅरेजला' म्हणून आत जातील. जुन्या गाडीची बंद पडण्याची ख्याती चोराच्या पथ्यावर पडते.

दुसरं कारण म्हणजे सुटे भाग. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी बंद होऊन दोन दशकांहून जास्त काळ लोटलाय. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबेसेडर २०१४ मध्ये थांबली. मूळ हेडलाइट, बंपर, मीटर, क्रोमच्या पट्ट्या नव्याने मिळत नाहीत. त्यामुळे अख्खी गाडी विकता आली नाही तरी तिचे तुकडे विकता येतात. यामाहा आरएक्स १०० सारख्या जुन्या मोटारसायकलींचंही तेच.

आणि गाडी गेली तर भरपाई? इथे अनेक मालक गाफील असतात. जुन्या गाडीवर बरेचदा फक्त थर्ड पार्टी विमा असतो, कारण कायद्याने तेवढाच सक्तीचा आहे. थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. चोरीसाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असलेली पॉलिसी लागते. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. ती आधीच, फोटो आणि खर्चाच्या बिलांसह, नीट ठरवून घेतली नसेल तर दहा लाखांचा जीव ओतलेली गाडी कागदावर भंगाराच्या भावाची ठरू शकते.

थोडक्यात, कुलूप कच्चं आणि विमा अपुरा. अशा वेळी गाडी कुठे आहे हे चोराला माहीत नसणं, हीच मालकाकडची सर्वात भक्कम सुरक्षा उरते.

इंटरनेटच्या आधीही चोऱ्या व्हायच्याच की

हो, आणि मोठमोठ्या व्हायच्या. 'गोल्डफिंगर' सिनेमात जेम्स बाँडने वापरलेली अॅस्टन मार्टिन डीबी ५ ही गाडी १९९७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या बोका रॅटन विमानतळावरच्या हँगरमधून गायब झाली. २००१ मध्ये मिलवॉकी शहरातल्या एका कारखान्यातून १९३८ सालची फ्रेंच बनावटीची टॅल्बो-लागो चोरीला गेली. चोरांनी गाडीसोबत तिची कागदपत्रंही नेली. म्हणजे गाडी काय आहे, कुठे आहे आणि तिचे कागद कुठे ठेवलेत, हे सगळं त्यांना ठाऊक होतं.

तेव्हा फेसबुक जन्मायला अजून तीन वर्षं होती. एवढी आतली खबर काढायची तर त्या माणसाच्या आसपास वावरावं लागायचं, ओळखी काढाव्या लागायच्या. आता त्यातलं बरंचसं काम घरी बसून होतं. २०१६ मध्ये पॅरिसमध्ये किम कार्दशियनच्या मुक्कामी दरोडा पडला. त्यात पकडलेल्यांपैकी काहींनी तिच्या दागिन्यांची आणि हालचालींची माहिती इंटरनेटवरूनच मिळाल्याचं सांगितलं होतं. त्याआधी, २००८-०९ मध्ये हॉलिवूडच्या कलाकारांची घरं फोडणारी तरुण मुलांची टोळीही कोण कधी शहराबाहेर आहे हे नेटवरच बघायची.

एका फोटोतून किती कळतं?

सगळ्यात आधी मागची बाजू. मालकाचं लक्ष गाडीवर असतं. चोराचं लक्ष मागच्या पाटीवर, दुकानाच्या बोर्डावर, इमारतीच्या रंगावर, मंदिराच्या कळसावर असतं. भारतात २०२२ च्या जुलैमध्ये गूगल स्ट्रीट व्ह्यू पुन्हा सुरू झालं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही आपली चार शहरं होती. फोटोतली गल्ली आणि स्ट्रीट व्ह्यूवरची गल्ली ताडून बघणं हे कॉलेजच्या पोराला जमण्यासारखं काम आहे.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही साठवले जातात. याला एक्झिफ डेटा म्हणतात. त्याचा सर्वात गाजलेला बळी म्हणजे अँटिव्हायरस बनवणारे जॉन मॅकअॅफी. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ते बेलीझ देशातल्या पोलिसांना हुलकावणी देत फिरत होते. 'व्हाइस'च्या पत्रकारांनी त्यांच्यासोबत काढलेला आयफोनवरचा फोटो वेबसाइटवर टाकला. फोटोच्या पोटात ग्वाटेमालातल्या जागेचे अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. काही दिवसांतच मॅकअॅफी पकडले गेले. डिजिटल सुरक्षेच्या नावावर कंपनी उभी करणाऱ्या माणसाचं हे झालं.

यात एक दिलासा आहे. इन्स्टाग्राम आणि फेसबुक लोकांना दिसणाऱ्या फोटोतून हा तपशील काढून टाकतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तरी तो निघून जातो. पण 'क्वालिटी चांगली राहावी' म्हणून तोच फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला, ईमेल केला किंवा ड्राइव्हची लिंक दिली, तर लोकेशनसकट जातो. आणि गाडी विकत घेणारा नेमके मूळ फोटोच मागतो. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन टॅग बंद करता येतं. आयफोनवर फोटो शेअर करताना वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन लोकेशन काढता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

नंबर प्लेट झाकावी का?

यावर गाडीवाल्यांमध्ये जोरात वाद असतात. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे.

रस्त्यावर नंबर उघडाच असतो, तो तसा ठेवणं बंधनकारक आहे. मग फोटोत झाकून काय साधणार? शिवाय जुना नंबर ही त्या गाडीची शान असते. १९८९ पर्यंत महाराष्ट्रातल्या गाड्यांचे नंबर वेगळ्या धाटणीचे असायचे, आजची 'एमएच' पद्धत नंतर आली. काळ्या प्लेटवरचा तो पांढरा तीन अक्षरी नंबर पुसून फोटो टाकणं म्हणजे पैठणीचा पदर कापून मिरवण्यासारखं आहे.

पण फोटोतला नंबर आणि रस्त्यावरचा नंबर यात फरक आहे. रस्त्यावर तो क्षणभर दिसतो. नेटवर तो गाडीच्या स्थितीशी, मालकाच्या नावाशी आणि घराच्या गेटशी कायमचा जोडला जातो. सरकारच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर नंबर टाकला की गाडीचं मॉडेल, नोंदणीची तारीख, आरटीओ, विम्याची मुदत असे तपशील दिसतात. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं असतं, हे चांगलंच आहे. पण ज्या फोटोवर मालकाच्या नावाचं अकाउंट आहे, तिथे झाकलेली अक्षरं भरायला कितीसा वेळ लागणार?

दुसरा धोका नकली प्लेटचा. २०२५ च्या जानेवारीत मुंबईत ताज हॉटेलसमोर एकाच नंबरच्या दोन गाड्या आल्या होत्या. त्यातल्या एकाने कर्जवसुलीवाल्यांना चुकवायला दुसऱ्याचा नंबर लावला होता. चोरलेल्या गाडीला कागदोपत्री 'स्वच्छ' करायचं तर त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या खऱ्या गाडीचा नंबर सोयीचा पडतो.

म्हणून मधला मार्ग असा. घराजवळ काढलेल्या आणि विक्रीच्या फोटोत नंबर झाका. रॅलीत, घाटात, किल्ल्याच्या पायथ्याशी काढलेल्या फोटोत तो दिसला तरी फारसं बिघडत नाही. आणि गाडी जर अख्ख्या शहरात एकच असेल तर नंबर झाकून उपयोग शून्य. तिला सगळे ओळखतात. तिथे लपवायची गोष्ट एकच, ती म्हणजे जागा.

'आत्ता' हा शब्द महागात पडतो

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. त्यात 'व्हीए' अक्षरांची खास नंबर मालिका आहे, नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर येते. याचा अर्थ रॅलीच्या दिवशी ती कुठे असेल आणि बाकीचे दिवस ती जागची हलणार नाही, हे दोन्ही बाहेरच्याला आधीच कळतं.

त्यामुळे रॅलीची स्टोरी लाइव्ह टाकण्यापेक्षा घरी परतल्यावर, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी टाकलेली बरी. लाइक्स तेवढेच येतात. सहलीचे फोटो परत आल्यावर. 'उद्या निघतोय' हे फक्त ज्यांना कुंडीला पाणी घालायचंय त्यांना सांगावं.

यात फक्त मालकाने तोंड आवरून भागत नाही. मुलाची स्टोरी, मेहुण्याचा टॅग, काकूंचं फेसबुकवरचं 'आमच्या जावयाची गाडी, गाव अमुक', गॅरेजवाल्याने जाहिरातीसाठी टाकलेली रील, या सगळ्यांतून तीच माहिती बाहेर जाते. गॅरेजवाल्याला स्पष्ट सांगून ठेवावं की गाडी दुकानात असेपर्यंत फोटो नको, आणि टाकलाच तर मालकाचं नाव नि गाव नको. रॅली भरवणाऱ्यांनीही सहभागींची यादी गावोगावच्या ग्रुपवर फिरवताना नाव, नंबर, फोन असं सगळं एकत्र देऊ नये.

आणखी एक प्रकार. २०२१ च्या अखेरीस कॅनडातल्या यॉर्क भागातल्या पोलिसांनी इशारा दिला की चोर मॉलसारख्या सार्वजनिक ठिकाणी महागड्या गाड्यांवर अॅपलचे एअरटॅग लपवतात आणि मग गाडी घरी गेली की तिथून उचलतात. असे प्रकार त्यांना आढळले होते. तिथल्या गाड्या नव्या होत्या, पण युक्ती जुन्या गाडीलाही तशीच लागू पडते. प्रदर्शनातून परतल्यावर बंपरमागे, चाकांच्या कमानीत, डिकीच्या कडेला एकदा हात फिरवून बघायला काही लागत नाही. अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याचा इशारा आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर येतो. तो आला तर 'काहीतरी बिघाड असेल' म्हणून पुसून टाकू नका.

गाडी विकायला काढली तर?

सर्वात जास्त माहिती याच वेळी बाहेर जाते, कारण समोरचा मागतो आणि आपल्याला सौदा हवा असतो.

जाहिरातीत नेहमीचा फोन नंबर दिला की तो कुठल्याही यूपीआय अॅपमध्ये टाकून मालकाचं नाव कळतं. नाव कळलं की फेसबुक, फेसबुक कळलं की गल्ली. वेगळं सिम किंवा वेबसाइटची चॅट वापरली तर ही साखळी तिथेच तुटते. फोटो घराबाहेर, मोकळ्या मैदानात काढा. परिसराचं नाव न देता फक्त शहर लिहा.

आरसी बुकाचा पूर्ण फोटो, चेसिस नंबर, इंजिन नंबर यांची पहिल्याच फोनवर मागणी झाली तर थांबा. खऱ्या ग्राहकाला हे तपासायचा पूर्ण हक्क आहे, पण ते समोरासमोर, गाडीपाशी. त्याच नंबरांवर दुसऱ्या गाडीचे कागद उभे राहू शकतात. आधार दाखवायची वेळ आलीच तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या, ते आधारच्या वेबसाइटवरून उतरवता येतं.

भेट दिवसा, वर्दळीच्या जागी ठरवा. बघायला आलेल्याला थेट घरी बोलावलं की तो गाडीसोबत गेट, कुलूप, कॅमेऱ्याची दिशा आणि वॉचमनची झोपही बघून जातो. चाचणीसाठी किल्ली देताना शेजारच्या सीटवर आपण बसायचं, किल्ली आपल्या हातात असताना त्याचा परवाना बघायचा. जुन्या मेकॅनिकची एक युक्ती इथे कामाची आहे. गाडी उभी असताना डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून खिशात टाकला तर कितीही वायरी जोडा, इंजिन सुरू होत नाही. ट्रकवर चढवून नेणाऱ्याला मात्र ती अडवत नाही, म्हणूनच जागा लपवणं महत्त्वाचं.

लपवायचं जगापासून, नोंद मात्र पक्की

इथे एक गंमत आहे. चोरी होण्याआधी जी माहिती लपवायची, चोरीनंतर नेमकी तीच गाडी परत मिळवून देते.

फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर गेरहार्ड बर्गर याची फेरारी एफ ५१२ एम १९९५ मध्ये इटलीत इमोला इथून चोरीला गेली. ती २०२४ मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी हस्तगत केली. मधल्या काळात ती जपानला जाऊन आली होती. एका अमेरिकन ग्राहकाला विकली जात असताना फेरारी कंपनीने गाडीची ओळख तपासली आणि २८ वर्षांपूर्वीच्या चोरीशी धागा जुळला. मिलवॉकीची टॅल्बो-लागोही अशीच, २०१६ मध्ये नव्या मालकाने स्वतःच्या नावावर नोंदणी करायला घेतली तेव्हा चोरीच्या यादीत सापडली.

म्हणून एक खासगी फाइल करून ठेवा. चेसिस आणि इंजिन नंबरचे जवळून काढलेले फोटो, आतल्या-बाहेरच्या प्रत्येक बाजूचे तारखेसह फोटो, रिस्टोरेशनची बिलं, आणि फक्त तुम्हालाच माहीत असलेल्या खुणा: डॅशबोर्डखालची वेल्डिंगची शिवण, सीटखाली वडिलांनी रंगवलेली तारीख, मागच्या दाराला लावलेला दुसऱ्याच मॉडेलचा स्क्रू. ही फाइल घरातल्या आणखी एका माणसाकडे असू द्या. ती क्लबच्या ग्रुपवर नको. बऱ्याच जुन्या गाड्यांची नोंद आरटीओच्या संगणकात अजून चढलेलीच नाही. तशी असेल तर आधी ती चढवून घ्या, नाहीतर चोरीला गेलेल्या गाडीचं अस्तित्व सिद्ध करण्यापासून सुरुवात होते.

आणि गाडी गेलीच तर त्या क्षणापासून उलटं वागायचं. आधी पोलिसांत एफआयआर. हद्दीचा वाद घातला गेला तर झिरो एफआयआरचा आग्रह धरता येतो. मग विमा कंपनी आणि आरटीओ. विमा कंपनी बहुधा दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली कुठे आहे हे आजच बघून ठेवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' यंत्रणेत चोरीच्या गाड्यांची माहिती असते, जुनी गाडी घेणाऱ्यानेही पैसे देण्याआधी तिथे नंबर टाकून बघावा.

त्यानंतर नंबर, रंग, फोटो सगळ्या ग्रुपवर जाऊ द्या. क्लब, गॅरेज, स्पेअरवाले, भंगारवाले, कुणालाही वगळू नका. फक्त एक-दोन खुणा जाहीर न करता पोलिसांपुरत्याच ठेवा. बक्षिसाच्या आशेने 'तुमची गाडी माझ्या नजरेत आहे, आधी पाच हजार पाठवा' असा फोन येतो, तेव्हा सीटखाली काय लिहिलंय एवढंच विचारायचं.